सोमवारी दुकान बंद

आधी थुंकी लावायची, मग गाठ ओढायची,
हे मला मुंजाजीनं शिकवलं
येलदरीच्या फुगवट्यावर,
आणि मला हसू आलं,
कारण जिंतूरच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या गल्लीत
एकतीस वर्षं मी
दोऱ्याला थुंकी लावूनच पोट भरलंय.

पण तंगूस म्हणजे सुती दोरा नव्हे.
कोरडा ओढला की आपल्याच घर्षणानं भाजतो,
पांढुरका पडतो,
आणि मासा नेमका तिथंच तोडतो.
म्हणून गळाच्या नेढ्यातून आत,
अंगाभोवती पाच वेढे,
टोक मागं वळवून पहिल्या फटीत,
थुंकी,
आणि सावकाश.
माझ्या पहिल्या गाठी काजाच्या टाक्यांसारख्या देखण्या होत्या.
एकही टिकली नाही.

तू येशील तेव्हा महागाची काठी आणू नको.
परभणीचा दुकानदार गोड बोलतो, त्याचं ऐकू नको.
वेळूची बघ, डोक्याहून दोन हात उंच,
शेंड्याला लवणारी.
तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा भेंड, दोन पेरं पुरे;
त्याला मी लाल रीळ गुंडाळतो,
उन्हानं पाणी चमकलं तरी दिसतो.
वजनाला सायकलचा एखादा नट.
गांडूळ हापशाच्या ओलीत सापडतं,
नाहीतर कणीक, चिमूटभर हळद
आणि (कुणाला सांगू नको) कुटलेली बडीशेप.
रोहूला वासाचं वेड.
मरळीला त्याचं काही नाही, तिला वळवळतं लागतं.
पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नको.

बसण्याआधी सोसायटीच्या टपरीवर विचार.
पल्याड मुंजाजीचं जाळं असतं,
त्याच्या होडीच्या वाटेत गळ टाकायचा नाही.
त्याचं ते पोट आहे, आपला नुसता सोमवार.
तो जाता जाता वल्हं थांबवतो:
"एका माशाला अख्खी सकाळ?
मी असं करू लाललो असतो ना टेलर,
तर लेकरांनी गांडुळंच खाल्ली असती."

भेंड हलेल. ओढू नको.
पुन्हा हलेल. तरी नको, ते चाखणं आहे.
मग मशीनची सुई जाड शिवणीवर
जरा अडते आणि एकदम आत जाते ना,
तसा तो जाईल.
तेव्हा मनगट. फक्त मनगट.
मी खांदा वापरला होता.
मासा माझ्या डोक्यावरून उडाला
आणि मागच्या बाभळीत जाऊन लटकला,
मुंजाजी हसून हसून होडीत खालीच बसला.

काटे सोसत मी तो उतरवला.
टेप गळ्यातच राहिला होता, सवयीनं लावला:
साडेपाच इंच.
तेव्हा मुंजाजीचं हसू थांबलं.
"हे आमचं बीज हाय. सोसायटीनं सोडलेलं.
सोडा त्याला. थांबा, थांबा,
हात भिजवा आधी!
कोरड्या हातानं त्याची कातडी सोलते."
गळ आला त्या वाटेनंच उलटा काढायचा,
उसवताना टाका काढतो तसा, कापड न दुखवता.
मग पाण्याखाली दोन्ही तळव्यांत नुसता धरायचा,
फेकायचा नाही.
किती वेळ धरला, माहीत नाही.
कल्ले उघडत होते, मिटत होते,
आणि मग तळवे रिकामे होते.

घरी हिनं विचारलं, काय घावलं?
म्हटलं, साडेपाच इंच.
ती म्हणाली, बरं, मग वरण लावते.

मंगळवारी दुकान उघडलं.
पहिलीच बाई नाप द्यायला हात वर करून उभी
आणि मी टेप तिच्या दंडाजवळ नेला तर
नाक आक्रसून म्हणते,
"वास कशाचा येऊ लाला हो, टेलर?"
मी खाली बघितलं.
साडेपाचच्या रेघेवर
एक खवला चिकटून बसला होता,
टिकलीएवढा.

"नवीन अस्तर हाय," म्हटलं.
"धुतलं की जाईल."